निर्देशिकेतील माहिती: खुली ठेवावी की रोखावी?

अमेरिकेतील विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, निर्देशिकेतील माहिती खुली ठेवावी की ती रोखण्याचा अर्ज द्यावा. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेसाठी असलेल्या १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार नाव, पत्ता, अभ्यासशाखा, मिळालेली पदवी अशी निर्देशिकेतील माहिती विद्यापीठ विद्यार्थ्याच्या संमतीविना इतरांना देऊ शकते. गुण मात्र तिच्यात मोडत नाहीत, त्यामुळे त्यांचे संरक्षण दोन्ही पर्यायांत सारखेच राहते.

अर्ज करण्याची खटपट किरकोळ आहे. खरा फरक नंतर जाणवतो. माहिती खुली असेल, तर नोकरी देणाऱ्याला पदवीची पडताळणी सहज करता येते. ती रोखलेली असेल, तर त्यासाठी लेखी संमती द्यावी लागते आणि पदवीदानाच्या पुस्तिकेतूनही नाव गळू शकते. हा निर्बंध विद्यापीठ सोडल्यावरही, स्वतः मागे घेईपर्यंत, कायम राहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय त्याच्या आधारे वर्गात निनावी राहता येत नाही.

कोणी पाठलाग करत असेल किंवा जीवाला धोका असेल, तर गैरसोय सोसूनही माहिती रोखावी. केवळ नकोसे दूरध्वनी टाळायचे असतील, तर ती खुली ठेवून, विद्यापीठात तशी सोय असल्यास, फक्त पत्ता आणि क्रमांक वगळून घ्यावा.