बारा छिद्रांचा टेबलटॉप हायड्रोपोनिक संच: सहाच रोपं लावा

टेबलावर मावणारा, 12 छिद्रांचा, साधारण 4 लिटरची टाकी आणि 24 वॅटचा एलईडी दिवा असलेला हायड्रोपोनिक संच, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यात रोपं वाढवायचं साधन, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, पण आतला साचा जवळपास एकच असतो. टाकीच्या तळाशी छोटा पंप, वर झाकणात पॉड (बी पेरायचा स्पंज धरणारी छोटी टोपली) बसवायची छिद्रं आणि मागे 30 सेंटीमीटरपर्यंत वर सरकणारा दिव्याचा खांब. लेट्यूस, बेसिल, पुदिना, कोथिंबीर यांसाठी हा संच खरोखर चांगला आहे. फळभाज्यांना मात्र तो पुरत नाही. खोक्यावर टोमॅटोच्या घोसाचं चित्र असतं, ते पाहून निर्णय घेऊ नका.

कारण दिव्यात आहे. चांगला एलईडी दर वॅटमागे सेकंदाला सुमारे 2 मायक्रोमोल (रोपाच्या कामी येणारा प्रकाश मोजायचं एकक; दहा लाखांचा एक मोल) प्रकाश देतो, म्हणजे 24 वॅटचे 48. यातला निम्मा तरी इकडेतिकडे सांडतो. उरलेला 40 बाय 25 सेंटीमीटरच्या जागेवर पसरला, की दर चौरस मीटरला 240 च्या आसपास पडतो. दिवा रोज 16 तास चालवला तर दिवसाचे जवळपास 14 मोल होतात. लेट्यूसला 12 ते 17 लागतात, तेव्हा त्याचं पोट भरतं. टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीला 20 च्या वर हवेत. तेवढे मिळाले नाहीत, की झाड उंच होतं, फुलं येतात आणि देठापासून गळतात. फळभाजी लावायचीच असेल तर ‘मायक्रो टॉम’सारखी वीतभर उंचीची टोमॅटोची जात लावा, पूर्ण संचात दोनच रोपं ठेवा आणि फुलं आल्यावर दुपारी देठाला हलकी टिचकी मारून परागीभवन करा. घरात वारा नाही, मधमाशी नाही. ते काम हातानेच करावं लागतं.

विजेचा खर्च फार नाही. 24 वॅट, 16 तास, म्हणजे महिन्याला साडेअकरा युनिट. पंप त्यात किरकोळ भर घालतो.

आता छिद्रांचं. दोन छिद्रांमधलं अंतर जेमतेम 6-7 सेंटीमीटर असतं आणि लेट्यूसचा पूर्ण वाढलेला गड्डा 20 सेंटीमीटर पसरतो. बाराही छिद्रं भरली, की तिसऱ्या आठवड्यात पानांवर पानं चढतात, खालची पिवळी पडतात आणि मधल्या ओलसर हवेत बुरशी धरते. एकाआड एक अशी सहाच रोपं लावा. रिकामी छिद्रं उघडी ठेवू नका. तिथून आत गेलेल्या प्रकाशाने आठ दिवसांत पाणी हिरवं होतं. सोबत बुचं नसतील तर काळी चिकटपट्टी चालते.

पेरणीत चुका होतात त्या पाण्याच्या पातळीत. एका स्पंजमध्ये दोन-तीन बिया टाका. लेट्यूसचं बी दाबून झाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो, आणि खोली 27 अंशांच्या वर तापली तर ते झोपून राहतं. कोंब दिसताच पॉडवरची प्लॅस्टिकची टोपी काढा. पहिले दहाएक दिवस पाणी स्पंजच्या बुडाला टेकलेलं हवं. मुळं 3-4 सेंटीमीटर खाली उतरली, की पातळी दोन-तीन सेंटीमीटर खाली आणा. स्पंज आणि पाणी यांच्यामधल्या त्या मोकळ्या जागेत मुळं श्वास घेतात. टाकी कायम काठोकाठ भरणारे नेमकी हीच जागा बुजवतात. जादा रोपं उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा. उपटताना राहणाऱ्या रोपाचंही मूळ तुटतं. दिवा रोपापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर असू द्या. रोपं बारीक, लांबट होऊन कलत असतील तर दिवा फार वर आहे.

संचासोबत येणारं खत बहुतेक वेळा ए आणि बी अशा दोन बाटल्यांत असतं. दोन्ही मूळ द्रावणं एकमेकांत कधीच मिसळू नका. एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होतो आणि तो रोपाच्या उपयोगाचा राहत नाही. आधी पाणी, मग ए, ढवळणं, मग बी, पुन्हा ढवळणं. सुरुवात बाटलीवरच्या निम्म्या मात्रेने करा. पाण्यात किती क्षार आहेत ते ईसीवरून (मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर) कळतं; लेट्यूससाठी ईसी 0.8 ते 1.2, बेसिलसाठी 1.0 ते 1.6 पुरे. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, सगळ्यात शेवटी बघा, 5.5 ते 6.5 च्या मध्ये आणा.

संचात हमखास नसतात ते ईसी आणि पीएचचे मीटर, आणि त्यांच्याशिवाय हा संच अर्धवटच म्हणायला हवा. ईसीऐवजी क्षार पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) दाखवणारा मीटर घेत असाल तर तो 500 च्या मापाचा की 700 च्या, ते पाहून घ्या. ईसी 1.0 एकावर 500 दिसतो, दुसऱ्यावर 700. हा फरक न कळल्यामुळे खत जास्त पडतं. पीएचची पेन 4 आणि 7 च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) जुळवून घ्या आणि तिचं टोक कोरडं ठेवू नका. पीएच खाली आणायला सायट्रिक ॲसिड वापरलं तर ते सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा वर येतो. फॉस्फोरिक ॲसिड टिकतं. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि थेंबाथेंबाने टाका, कारण 4 लिटरमध्ये एका थेंबाचाही परिणाम दिसतो.

या संचाची खरी मर्यादा हीच छोटी टाकी. रोपं मोठी झाली, की पाणी झपाट्याने उतरतं. रोपं पाणी जास्त आणि क्षार कमी पितात, त्यामुळे उरलेलं द्रावण तीव्र होत जातं. मधली भर साध्या पाण्याने घाला आणि दर दोन आठवड्यांनी सगळं पाणी बदला. आरओचं पाणी वापरत असाल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं घालावं लागतं.

दोन दुखणी ओळखता आली पाहिजेत. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खत वाढवू नका, आधी पीएच बघा. तो 7 च्या पुढे गेला, की लोह पाण्यात असूनही मुळांना मिळत नाही. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर कॅल्शियम तिथवर पोहोचत नाहीये. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि दाटीतली पानं पाणी उडवतच नाहीत. अशा वेळी छोटा पंखा मंद वेगाने फिरवा, तो कोणत्याही बाटलीपेक्षा लवकर गुण देतो.

मुळकुजीची परीक्षा बोटांनी होते. पॉड उचला, एक मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरं आणि ताठ लागतं. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि मागे केसासारखा दोरा उरतो, वासही येतो. पाणी 25 अंशांच्या वर गेलं, की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ही कूज पसरते. 18 ते 22 अंश उत्तम. संच फ्रिजच्या किंवा शेगडीच्या बाजूला ठेवू नका, आणि उन्हाळ्यात दिव्याचे तास रात्रीकडे सरकवा.

पंप सहसा अर्धा तास चालू, अर्धा तास बंद असा चालतो. बेसिलची मुळं त्याच्या तोंडाशी गुंतून तो गुरगुरायला लागतो. पाणी बदलताना जाळी काढून धुवा, पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा. बेसिल 15 सेंटीमीटरचं झालं, की खालून दुसऱ्या पेराच्या वर शेंडा खुडा, दोन फुटवे निघतात आणि ते दिव्याला टेकत नाही.

विकत घेताना पंप सुटा काढता येतो का आणि टाकीला पातळी दाखवणारी खिडकी आहे का, हे आधी तपासा. गुलाबी उजेडापेक्षा पांढरा दिवा घ्या. गुलाबी उजेडात पान पिवळं पडायला लागलं, तरी ते डोळ्यांना कळत नाही.