शिडाच्या बोटीचं जुनं इंजिन: ओव्हरहॉल, नवं डिझेल की विजेची मोटर?

इंजिन धूर ओकायला लागलं, चढत्या भरतीला जोर पुरेना, की "आता नवंच टाका" असा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकण्याआधी एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धुराच्या नळीचा वाकडा तुकडा, उतरवून आत बघा. गरम धूर आणि समुद्राचं पाणी तिथे एकत्र येतात, त्यामुळे कार्बन आणि मीठ थरावर थर साचत जातं. कधी कधी आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. मग इंजिन तापतं, काळा धूर टाकतं, आरपीएम (मिनिटाला फेरे) घेत नाही, आणि दोष मात्र पिस्टनवर जातो. निळा धूर दिसत असेल तर गोष्ट वेगळी: तिथे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल आलं तर पाणी आत शिरलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलणं, करायचा की नाही, हे माझ्या मते इंजिन कशाने थंड होतं यावर ठरवावं. कूलंट आणि हीट एक्स्चेंजर (आतल्या कूलंटची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारा भाग) असलेल्या इंजिनाचा ब्लॉक सहसा टिकलेला असतो; रिंगा, बेअरिंग, इंजेक्टर केले की ते पुन्हा अनेक वर्षं चालतं. थेट खारं पाणी ब्लॉकमधून फिरणाऱ्या इंजिनात गंज आतून पोखरत असतो. तिथे नव्या रिंगांवर पैसे घालणं मला पटत नाही. दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. युनिव्हर्सल कंपनीचं 'अ‍ॅटॉमिक 4' हे पेट्रोल इंजिन 1980च्या दशकात बंद झालं, तरी त्याचे भाग मिळतात. काही तुलनेने नव्या डिझेल इंजिनांचे मिळत नाहीत. मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. पेट्रोल इंजिन ठेवायचं असेल, तर स्टार्टरआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवण्यात कधीच हयगय चालणार नाही.

नव्या डिझेलची किंमत बघताना फक्त इंजिनाचा आकडा धरू नका. माउंटिंगची जागा जुळत नाही, बेड (इंजिन बसतं तो पाया) कापून पुन्हा बांधावा लागतो, एक्झॉस्टचा होज जाड लागतो, वायरिंग आणि पॅनेल बदलतं. शाफ्ट इंजिनाशी सरळ रेषेत आहे का, हे तर फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघायचं: इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट सगळीकडे सारखी हवी, फरक 0.1 मिलिमीटरच्या आसपासच चालतो. आणि हे बोट पाण्यात असताना तपासायचं, कारण जमिनीवर टेकवलेला सांगाडा थोडा वाकतो. ही यादी लांबलचक असली, तरी लांबचा पल्ला मारणाऱ्यासाठी मी डिझेलच सुचवेन. कारण साधं हिशेबाचं आहे. साधारण 9 मीटरची बोट 5 नॉटने (तासाला 5 सागरी मैल) चालवायला तासाला दीड-दोन लिटर डिझेल लागतं. 20 लिटरच्या एका कॅनमध्ये 50 सागरी मैल सहज होतात.

विजेच्या मोटरला तोच वेग राखायला 4 किलोवॅटच्या आसपास लागतात. 10 किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे जवळपास 100 किलो वजन, 5 नॉटला दोन-सव्वादोन तासांत संपते. वेग कमी केला की चित्र पालटतं. लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून 3 नॉटला तीच बॅटरी दिवसभर पुरते. धक्क्यातून बाहेर पडायचं, शीड चढवायचं, संध्याकाळी परत यायचं आणि धक्क्यावर चार्जिंग आहे, अशा वापराला मोटर उत्तम: डिझेलचा वास नाही, थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर नाही, आणि जोर पहिल्या फेरीपासून. पण वाऱ्याविरुद्ध, ओहोटीविरुद्ध तासन्‌तास ढकलायची वेळ येत असेल तर ती निवडू नका.

बोटीच्या मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन सगळ्यात स्वस्त आणि सोपं. लहान, हलक्या बोटीला ते पुरतं. मोठ्या लाटेत बोट वरखाली झाली की त्याचा पंखा (प्रोपेलर) पाण्याबाहेर येतो आणि नेमका तेव्हाच जोर जातो.

आतलं इंजिन बदललं, तर जुना पंखा तसाच ठेवण्याचा मोह टाळा. नवं डिझेल जास्त आरपीएमवर चालतं, गिअरचं प्रमाण वेगळं असतं, कधी फिरण्याची दिशाही उलटी. पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन बघा: इंजिन निर्मात्याने सांगितलेल्या कमाल आरपीएमपर्यंत गेलं पाहिजे. 3600 लिहिलंय आणि काटा 3000वर अडतोय, तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त आहे, आणि तसंच चालवलं तर नव्या इंजिनातही काजळी धरायला लागते.