ओबीडी स्कॅनर आठ महिने वापरल्यावर: काटा मध्यावर, तरी गाडी उकळते

गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणाऱ्या ह्या बोटभर डबीबद्दल लिहायचं तर आधी गाडीबद्दल सांगावं लागेल. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली. बाबा, बायको आणि मी असे तिघं चालवणारे. गेल्या वर्षी मे महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात निम्म्या वाटेवर एसीतून गरम हवा यायला लागली. काटा बघतो तर लालच्या जवळ. एसी बिघडला नव्हता. इंजिन फार तापलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, हे नंतर समजलं.

मग गॅरेजच्या वाऱ्या. एकानं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरून दिलं, दुसऱ्यानं फॅनची मोटर बदलली. तिसऱ्यानं "साहेब, आता गरम होणारच नाही" म्हणत चावी हातात दिली, आणि खरंच पुढे पावसाळाभर झाली नाही. फक्त मायलेज सोळावरून तेरावर आलं आणि सकाळी हीटर नावापुरता गरम यायला लागला. थंडीत वैतागून हा स्कॅनर मागवला. अशा स्कॅनरांत वापरल्या जाणाऱ्या ईएलएम ३२७ चिपची स्वस्तातली नक्कल, साडेसहाशे रुपये.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा, ब्लूटूथला १२३४ टाकायचं, फोनवर एखादं फुकट अ‍ॅप. माझ्या अँड्रॉइडवर दोन मिनिटांत चालू झाला. बायकोच्या आयफोनला मात्र तो दिसलाच नाही. आयफोन असेल तर वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्या.

पहिल्याच रविवारी कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे निघालो. ऐंशीचा वेग, वीस मिनिटं झालेली, आणि फोनवर कूलंटचं तापमान ६७. डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या केसभर खाली. म्हणजे नेहमीचाच. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, साधारण पाऊणशेपासून शंभराच्या पुढेपर्यंत जागचा हलत नाही. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

६७ म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा नाहीच. तिसऱ्या गॅरेजला फोन केला. "काढून टाकला ना तेव्हाच! गरम होत नाही ना आता? मग झालं तर." ह्यावर काय बोलणार. इंजिन सतत अर्धवट थंड, म्हणून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतोय, म्हणून मायलेज गेलं. नाना पेठेतून नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी तापवून बघितला: थर्मामीटर ८२ वर गेल्यावर झडप सरकायला लागली. आईनं ते पातेलं परत घेतलं नाही.

इथं एक तक्रार. इंजिन ६७ वर चालत असताना 'इंजिन पुरेसं तापत नाही' ह्या अर्थाचा पी ०१२८ कोड यायला हवा होता. आला नाही. स्कॅनर "एकही दोष नाही" असं हिरव्या अक्षरांत सांगत होता. त्यामुळे कोडच्या भरवशावर हे यंत्र घेऊ नका. त्याचा खरा उपयोग गाडी चालू असताना हलणारे आकडे बघण्याचा.

थर्मोस्टॅट बसला आणि मूळ दुखणं परत वर आलं. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये ९६ ला फॅन लागतो, ९१ ला बंद होतो, अगदी घड्याळासारखं. म्हणजे फॅन ठीक. मोटरीचे पैसे बहुधा उगाच गेले. पण खंबाटकी चढताना १०१, १०४, १०८. गर्दीत तापली तर फॅनकडे बघायचं, चढावर तापली तर पाणी नीट फिरतंय का, रेडिएटर उष्णता टाकतोय का ते बघायचं, एवढा धडा त्या दिवशी पक्का झाला. हीटर इंजिनाचीच उष्णता ओढतो म्हणून तो फुल करून, एसी बंद करून माथा गाठला.

त्यात कूलंटही कमी होत होतं, पण पार्किंगमध्ये थेंब नाही. ह्याचं उत्तर स्कॅनरनं नाही, एका सकाळी बॉनेट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या रबरी होजनं दिलं. तो चोखलेल्या पेप्सीकोल्यासारखा चपटा झाला होता. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की कूलंट बाजूच्या बाटलीत सोडते, दुसरी इंजिन गार झाल्यावर ते परत आत घेते. आमची दुसरी जाम. गेलेलं परत येत नव्हतं, बाटली भरून रस्त्यावर सांडत होतं. झाकण तीनशेच्या आत आलं. (गार इंजिनावरच उघडा. दाबाखालचं कूलंट शंभराच्या वर असूनही उकळत नाही; झाकण काढलं की उसळून थेट तोंडावर येतं.)

हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याची भीती होतीच. कूलंटमध्ये जळका वायू शिरतोय का ते सांगणाऱ्या ब्लॉक टेस्टचं निळं द्रव पिवळं झालं नाही, जीव भांड्यात पडला. मग मित्राची इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारी) आणली. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खोटं बोलते, म्हणून रेडिएटरवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवले. वर ८६, मध्ये ७९, खालच्या कोपऱ्यात ४८. तिथं पाणी पोचतच नव्हतं. रेडिएटर काढून उलटा केला तर चहाच्या रंगाचा क्षार बाहेर आला. गुन्हेगार घरातच निघाला: बाबा गेली कित्येक वर्षं डिकीतल्या बाटलीतून सोसायटीच्या बोअरचं पाणी 'वरून थोडंसं' घालत होते. रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या असल्यानं रॉडिंगच्या (टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून साफ करण्याच्या) भानगडीत पडलो नाही, नवाच टाकला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. एप्रिलमध्ये पसरणी, चार माणसं, एसी चालू: सर्वाधिक ९८.

स्कॅनरच्या खोडी दोन. रात्रभर लावून ठेवला की बॅटरी पितो. चार दिवस गावी गेलो तेव्हा धक्का मारावा लागला. दुसरी जास्त गंभीर: तो सेन्सर जे सांगेल तेच दाखवतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर इंजिन जळत असताना आकडा साधा दिसू शकतो. म्हणून सकाळी डोळ्यांनी पातळी बघणं सुटत नाही.

कूलंट अजूनही महिन्याला बोटभर कमी होतं. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी (पंपाचं सील गेलं की गळती इथूनच दिसते) हिरवट पांढरा सुकलेला ओघळ दिसलाय. त्यावर मार्करनं तारीख टाकून ठेवली आहे.