काढलेला ड्राइव्ह परत चढवताना: जुनंच रबर, नवं किट की थेट आउटबोर्ड?

माझ्या मामेभावाची २२ फुटी बोट दर जूनमध्ये मांडव्याहून ट्रेलरवर बडोद्याला येते. (मांडवा म्हणजे अलिबागजवळचा, आपल्या मांडवी दरवाज्याशी त्याचा काही संबंध नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) चार महिने ती सोसायटीत ताडपत्रीखाली पडून असते आणि नवरात्रीच्या आसपास परत निघते. यंदा तिचा मर्क्रूझर कंपनीचा अल्फा ड्राइव्ह, म्हणजे मागे पंखा फिरवणारा पाय, सील बदलायला काढला. मकरपुरा जीआयडीसीत माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे, तिथे तो लाकडी घोडीवर टांगलेला आहे. सील झाले, रंगही झाला. आता भाऊ विचारतोय, "दादा, हा असाच चढवू, सगळं रबर बदलून चढवू, की एकदाचं आउटबोर्ड (मागे बाहेर टांगायचं इंजिन) घेऊन मोकळा होऊ?" तुमचाही ड्राइव्ह असाच कुठे घोडीवर असेल, तर त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंख्याचा पाय बाहेर. व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक बाजारात आणला तेव्हापासून रचना साधारण हीच आहे. या दोघांना जोडणारा शाफ्ट ट्रान्सममधल्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीतल्या, भोकातून जातो. ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. पाणी बाहेर ठेवतो तो फक्त एक रबरी भाता, म्हणजे बेलोज. बोट वळली, पाय वर-खाली झाला, की तो भाता ताणतो आणि आकसतो.

जुन्यावरच चढवणं सगळ्यात स्वस्त. नवं गॅस्केट, नव्या ओ-रिंगा, स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या दातांना, ग्रीस, ६ नट, आणि दुपारी सेव-उसळ खायला मोकळे. बेलोज मागच्याच वर्षी घातले असतील, घड्यांमध्ये बोट घालून ताणल्यावर एकही भेग दिसत नसेल, आणि गिंबल बेअरिंग (ट्रान्सममध्ये शाफ्टला आधार देणारं) हाताने फिरवल्यावर तुपासारखं फिरत असेल, तर हे खुशाल करा. पण "दिसायला ठीक आहे" एवढ्यावर नको. आम्ही एकदा हेच केलं होतं. बेअरिंग जरासं खरखरत होतं, आणि मीच म्हणालो होतो, "चालेल रे, एक सीझन काढेल." दिवाळीनंतर मांडव्याच्या जेट्टीपासून थोडं पुढे गेलो तर वळण घेताना मागून जात्यासारखा घरघर आवाज. सरळ चाललं की बंद, वळलं की सुरू. परत आल्यावर ड्राइव्ह खेचला तर भात्याच्या एका घडीत नखाएवढी चीर होती आणि आत गंजाचं तांबडं पाणी. चीर त्या हंगामातली नव्हती, तिच्या कडा जुन्या होत्या. म्हणजे खरखर ऐकू आली तेव्हाच पाणी आत शिरत होतं. बेअरिंग गेलं, यू-जॉइंट, म्हणजे शाफ्टचा वळणारा सांधा, गेला, आणि ड्राइव्ह दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी वर. नशीब, बोट ट्रेलरवर राहणारी होती. महिनोन्‌महिने मुरिंगवर, म्हणजे बांधून ठेवलेली, पाण्यात असती तर तीच चीर बोट बुडवायला पुरली असती.

म्हणून भावाला सांगितलं, ड्राइव्ह उतरलेलाच आहे तर पूर्ण किट घाल. यू-जॉइंटचा बेलोज, एक्झॉस्टचा बेलोज, शिफ्ट केबलचा छोटा बेलोज, आतली पाण्याची नळी, गिंबल बेअरिंग. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो, तर त्याचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी चाक, तोही आत्ताच. मर्क्रूझरचाच दुसरा ड्राइव्ह, ब्रावो, असेल तर पंप इंजिनावर असतो, त्याचं वेगळं बघता येतं. बाहेरून मागवताना सुटे भाग वेळ खातात, म्हणून ऑर्डर जुलैतच द्यायची. आणि रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, त्यामुळे "यंदा बोट फार चाललीच नाही" हे कारण मला पटत नाही.

या मार्गात पैसा बेअरिंगवर जातो, पण कस लागतो तो अलाइनमेंटला, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणायला. बेअरिंगमधून एक सरळ बार आत घालून इंजिनाच्या कपलरमध्ये (शाफ्ट जिथे बसतो त्या दातेरी भागात) बसतो का ते बघायचं असतं. बारच्या टोकाला ग्रीस लावा, आत सारा, बाहेर काढा. कपलरच्या दातांचा ठसा ग्रीसवर चहूबाजूंनी सारखा उमटला आणि बार दोन बोटांनी सरकला, तर ठीक. एकाच बाजूला ठसा असेल तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करायचे. लेथ घरचं म्हणून मी पहिल्यांदा तो बार स्वतःच फिरवला आणि तो किंचित बारीक झाला. बारीक बार वाकड्या इंजिनातही सुळकन जातो, मग तपासलं काय? ड्राइव्ह मात्र बसता बसेना, आणि आम्ही अर्धा दिवस त्याला दोष देत बसलो. शेवटी भावाने कंपनीच्या मापाचा बार मागवला. तो घातला तेव्हा कळलं, इंजिन पुढून खाली बसलं होतं. माउंट थोडे चढवल्यावर पाय पहिल्याच दमात आत गेला. तेव्हा माझ्यासारखे कामगार असाल तरी हा बार घरी करू नका.

चढवताना अल्फा असेल तर गिअर फॉरवर्डमध्ये ठेवायचा, ब्रावो असेल तर न्यूट्रलमध्ये. हे उलटं केलं की शिफ्टची जोडणी जुळत नाही आणि लोक जोर लावायला लागतात. जोर हे इथे औषध नाही. वजन एका माणसाचं काम नाही, साखळी-पुली किंवा तीन माणसं हवीतच. अल्फात पंखा हळू फिरवत राहिलात की स्प्लाइन आपोआप गवसतात. ६ नट समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्यावर ६८ न्यूटन-मीटर. गिअर ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. मग इअरमफ, म्हणजे पायाच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसणारे रबरी कप, लावून पाणी सोडा आणि मगच इंजिन चालू करा. कोरडं चालवलं तर नवा इम्पेलर मिनिटांत जातो. (आमच्याकडे हे रविवारी दहानंतरच. आधी चालू केलं तर समोरच्या काकू गॅलरीतून पाहत बसतात, आणि ते पाहणं टॉर्क पान्यापेक्षा जड असतं.)

स्वतः करायचं की मेकॅनिकला बोलवायचं, यावर माझं मत सरळ आहे: रबर आणि बेअरिंग घालायची अवजारं आणि तो बार नसेल तर मेकॅनिकला बोलवा, पण बेलोज बसवताना शेजारी उभे राहा. भात्याची कडा खाचेत पूर्ण बसली का, हे नंतर कुणालाच दिसत नाही.

आउटबोर्डचं वेड मी समजू शकतो. इंजिन पूर्ण पाण्याबाहेर उचलता येतं, बेलोज ही भानगडच नाही, आत जागा मोकळी होते. स्टर्नड्राइव्ह वर उचलला तरी खालचा पाय बऱ्याचदा पाण्यात राहतो, शिंपले बसतात, खारं पाणी ॲनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) खातं. पण बदल म्हणजे जुनं इंजिन काढणं, ट्रान्समचं भोक फायबरने बुजवणं, ट्रान्सम मजबूत करणं, ब्रॅकेट, नवे कंट्रोल, वायरिंग, इंधनाची लाइन, नोंदणीच्या कागदांत इंजिनाचा बदल. शिवाय आतलं वजन बाहेर मागे गेलं की बोट मागून बसते. चांगल्या चालू इंजिनावर एवढा खर्च मी करणार नाही. हां, तुमची बोट वर्षभर समुद्रात मुरिंगवर राहणार असेल आणि आतलं इंजिनही शेवटच्या घटका मोजत असेल, तर पाय चढवण्यात पैसे घालू नका, आउटबोर्डच घ्या.

भावाची बोट ट्रेलरवर राहते आणि इंजिन ठणठणीत आहे. त्यामुळे आमचं ठरलं आहे: किट आलं की रविवारी नवे बेलोज, नवं बेअरिंग, नवे ॲनोड, आणि ट्रेलरवर ठेवताना पाय कायम खाली, नाहीतर भाता वर्षभर ताणलेला राहतो. बार माझ्याच कपाटात आहे, हवा असेल तर नेऊन आणून द्या.