पांडवलेणी, नववी ‘ब’ आणि दोन हजार कार्षापणांचं व्याज

सहलीचा विषय निघाला की आमच्या शाळेत पहिलं नाव वॉटर पार्कचं येतं. यंदा वर्गशिक्षिका म्हणून मी हट्ट धरला आणि नववी ‘ब’ला पांडवलेणीला, म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरातल्या प्राचीन बौद्ध लेण्यांना नेलं. मी गणिताची शिक्षिका. नाशिकमध्ये राहून पांडवलेणी अनेकदा पाहिली होती, पण बावन्न मुलं घेऊन पहिल्यांदाच गेले. डिसेंबरातल्या सहलीसाठी जागा शोधणाऱ्या वर्गशिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याबरोबर २००३ च्या दहावीची बॅचही होती. त्यांचा मेळावा त्याच आठवड्यात ठरला होता. बेत नेहमीचाच: हॉल, आम्हा शिक्षकांना शाल-श्रीफळ, भाषणं, जेवण, ग्रुप फोटो. मी त्यांना फोनवर म्हटलं, “अरे, शाली खूप झाल्या. शाळेत परत यायचंच असेल तर माझ्या पोरांबरोबर एक दिवस घालवा.” तेवीस जण आले. बरेचसे पुण्या-मुंबईहून, एकजण रात्रभर प्रवास करून बडोद्याहून. एकीने सगळ्यांना पुरेल इतका कोंडाजीचा चिवडा आणला होता.

सात वाजता सांगितलेली खासगी बस सव्वाआठला आली. तेव्हा मी फार चिडले होते, कारण उन्हाआधी वर पोहोचायचं सगळं गणित चुकलं. पण तो सव्वा तास मैदानात कुडकुडत उभं राहताना मुलांनी “कोण आलं रे कोण आलं? नववी ब, नववी ब!” सुरू केलं, आणि पलीकडून अडतीस-एकोणचाळीस वर्षांची माणसं वीस वर्षांपूर्वीच्या आंतरशालेय कबड्डीच्या घोषणा देऊ लागली. शेवटी दोन्ही घोषणा मिसळून एक नवीनच तयार झाली. ती बसमध्ये पाथर्डी फाट्यापर्यंत थांबली नाही.

जागा मुंबई-आग्रा महामार्गालगत, शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार. तिथून सुमारे २०० पायऱ्या. मोठ्यांना २५ रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. नववीत काही मुलांची पंधरा पूर्ण झालेली असतात, म्हणून ओळखपत्रं जवळ ठेवा. पाणी आणि स्वच्छतागृह हे सगळं खालीच उरकून घ्या. डोंगरात मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा वर आरडाओरडा आणि अत्तर दोन्ही नको. मी पायथ्याशीच सांगितलं, “घोषणा इथे संपवा. वर भिक्खूंची घरं आहेत.” मुलांनी ते पाळलं.

त्रिरश्मी डोंगरात एकूण २४ लेणी आहेत. सगळी दाखवायला गेलात तर मुलं दहाव्या मिनिटाला कंटाळतील. मी तीनच निवडली.

अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनागृह. आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो. इथे मी काही बोलले नाही.

तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखाली सहा यक्ष खांद्यावर दगडी तुळया पेलून बसलेत. त्यांच्यासमोरून मुलं हलेचनात. आत सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवला. शत्रू असलेल्या क्षहरात घराण्याचं नाव पुसून टाकणारा असा मुलाचा गौरव त्यात आहे. हे खरं कशावरून, असं एकाने विचारलं. छान प्रश्न. नाशिकजवळच्या जोगलटेंभीत १९०६ साली १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. आईने दगडावर लिहिलं, मुलाने चांदीवर.

मला मात्र दहावं लेणं दाखवायचं होतं. त्यासाठीच तर हट्ट होता.

तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. मी त्याच्या मराठी भाषांतराच्या प्रती काढून नेल्या होत्या. लेखातल्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने हे लेणं भिक्खुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा दरशेकडा एक या दराने. दुसरीकडे १०००, दरमहा दरशेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

मी म्हटलं, “वह्या काढा. त्याचा हिशोब बरोबर आहे का बघा.”

सगळी ओसरीत मांडी घालून बसली. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी हळूच “जमलं!” म्हणालं. फळ्यावर सरळव्याज शिकवताना माझ्या आजवरच्या नोकरीत हा शब्द अशा आवाजात मी ऐकला नव्हता. मग दुसरी ठेव: महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद.

वर्गातली एक मुलगी गंगापूर रोडवरच्या गोवर्धनहून येते. “मॅडम, आमचं गोवर्धन?” तिने विचारलं. तेच, जुन्या काळापासून तेच नाव. नंतर ती बराच वेळ त्या भिंतीपाशी उभी होती. त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दिलेली खोलीही आहे. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटलंय. देवळातल्या ओवऱ्या पाहिलेल्या मुलांना अर्थ सांगावा लागला नाही.

बॅचमधला एकजण बँकेत आहे. त्याने मुलांना ठेव, व्याजदर आणि नोंद म्हणजे काय ते समजावलं. लेखात ही देणगी निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर नोंदवल्याचा उल्लेख आहे. “म्हणजे पासबुकात एंट्री झाली,” तो म्हणाला, आणि मुलांना ते पटकन कळलं. खरं सांगायचं तर मार्गदर्शकापेक्षा असा माजी विद्यार्थी बरोबर असणं जास्त उपयोगाचं ठरलं. मी सांगितलं तर तो अभ्यास होतो. याच बाकावर बसून गेलेल्या दादाने सांगितलं की ती गोष्ट होते.

अडचणी सांगायलाच हव्यात. उशीर झाला की पायऱ्यांवर ऊन लागतं, आणि आम्ही बसमुळे नेमके उन्हातच चढत होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश यावं, मला तीनदा थांबावं लागलं. जाऊन-येऊन साडेतीन तास धरा. डबे आम्ही खाली आल्यावरच उघडले, तुम्हीही तसंच करा. वर सांडलेलं अन्न कुणी उचलत बसायचं?

डबे खाताना बॅचची आपापसात कुजबुज चालली होती. नंतर बँकवाला माझ्याकडे आला. त्यांनी तिथल्या तिथे एक लाख रुपये जमवायचं ठरवलं होतं. शाळेच्या नावे मुदत ठेव, मुद्दल मोडायचं नाही, सात टक्के धरले तर वर्षाला सात हजारांत नववीच्या सहलीची बस. गोवर्धनच्या मुलीने लगेच हिशोब केला: “दादा, उषवदाताला वर्षाला बारा टक्के मिळत होते.”

ठेवीची पावती जानेवारीत मुख्याध्यापकांच्या हाती आली. पुढच्या वर्षी अंजनेरीचं नाणी संग्रहालय करायचं आहे, आणि बस सात वाजता लागेल याची जबाबदारी बॅचने घेतली आहे.