ट्यूनर खोटा निघाला अन् मी दोन महिने पेटीला दोष देत बसलो

राजेहो, गिटारचा ट्यूनर (तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र) घ्यायचा असेल तर हे आधी वाचा. 1,400 रुपयाच्या एका वस्तूपायी माझे तीन हजाराच्या वर गेले, अन् पैसे गेले ते गेले, पण बिल्डिंगमधल्या काकूंच्या पेटीला मी चारचौघांत बेसूर म्हणून बसलो, ते अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या इथे रामनवमीला भजनं असतात. काकूंची पेटी, एका पोराची ढोलक, अन् यावर्षीपासून माझी गिटार. आधी मी मोबाईलमधल्या फुकट ॲपवरच ट्यून करायचो, घरी एकट्यात ते मस्त चालते, पण तिथे ढोलक वाजून राहिली, पोरं ओरडून राहिली, फोनच्या माईकला सगळंच ऐकू जाते मग ते बिचारं कधी हा सूर दाखवते कधी तो. क्लिपवाल्याचं तसं नसते. तो गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा, आतली पायझोची चकती लाकडाची थरथर पकडते, बाहेरच्या गोंगाटाशी तिला घेणंदेणं नसते. म्हणून क्लिपवालाच घ्यायचा असं ठरवलं. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं.

मग गेलो नागपुरातल्या बर्डीला. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच लफडं नको. एका मोठ्या जपानी कंपनीचं नाव छापलेला खोका त्यानं काढला, "एकदम ओरिजिनल माल है भैया, बाहेर अठराशेला आहे, तुम्हाला चौदाशे." बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडंल. आता एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात हे मला काय माहीत नव्हतं का, माहीत होतं, पण चारशे रुपये वाचून राहिले म्हटल्यावर माणूस आंधळा होते. पैसे घेतानाही काउंटरवरचा क्यूआर नाही, पोराच्या मोबाईलमधला कोड दाखवला अन् पेमेंट करताना नाव आलं भलत्याच बाईचं. तेव्हा वाटलं असेल बायको नाहीतर बहीण.

डेमो मात्र झकास दिला त्यानं. भिंतीवरची गिटार काढली, ट्यूनर लावला, सहाही तारा छेडल्या अन् सहाही वेळा टक्क हिरवा, म्हणजे सूर बरोबर. मी खूश. हा हिरवा इतक्या लवकर काहून लागते हे विचारायचं डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर पहिली गंमत म्हणजे जाड तार, सहावी. तिचा सूर ई म्हणजे 82.41 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), पण स्क्रीनवर मधूनमधून बी यायचा. मी चावी पिळून पिळून तार सैल केली, मग घट्ट केली, अर्धा तास हाच खेळ. नंतर कळलं की ई च्या तारेत तिप्पट कंपनाचा जो उपस्वर असतो तो साधारण 247 हर्ट्झवर येते अन् तो बी आहे, फालतू सेन्सरला खालचा मूळ सूर नीट पकडता येत नाही मग तो वरचाच धरून बसते. तेव्हा मला वाटलं तार जुनी झाली. नवीन सेट आणला, 450. पुढच्या महिन्यात परत एक सेट, परत 450. मग एका ठिकाणी सेटअप करून घेतला, म्हटलं फ्रेटचाच, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांचाच, काही प्रॉब्लेम असेल, 800.

अन् मेन प्रॉब्लेम हा की सकाळी सगळं बरोबर, दुपारनंतर पेटीसोबत वाजवलं की गिटार उतरलेली. काकूंचा सा काळी चार, म्हणून मी चौथ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून ई कॉर्डचा आकार धरायचो. "बाळा, तुझी गिटार उतरली आहे रे," काकू दर वेळी म्हणायच्या, मी कॅपो काढून सहाही तारा परत तपासायचो, सगळीकडे हिरवा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणते, "नागपूरचं ऊन आहे भाऊ, तार सैल होणारच, त्यात ट्यूनरचा काय दोष?" आता हे खरंच आहे ना, उन्हानं तार उतरतेच, म्हणून तर पटलं. पण अरे, तार उतरली तर ट्यूनरनं ते दाखवलं पाहिजे ना, तो हिरवा काहून दाखवून राहिला! हा एवढा साधा प्रश्न मला दोन महिने पडला नाही.

रामनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला प्रॅक्टिस होती, कूलर बंद, वरच्या मजल्यावरचा हॉल. काकू परत तेच म्हणाल्या. मी सगळ्यांसमोर ट्यूनरची हिरवी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली अन् म्हटलं, "काकू, मशीन खोटं बोलत नाही, तुमची पेटी जुनी झाली." त्या काही बोलल्या नाही. पेटीवर कापड टाकलं अन् चहा ठेवायला गेल्या.

नंतर मीच मोठेपणा करून म्हटलं, पेटी मी दुरुस्त करून आणतो, खर्च माझा. नागपूरच्याच महाल भागात एक म्हातारे पेटीवाले काका आहेत, पत्ता सांगत नाही, त्यांना गर्दी आवडत नाही. मे महिन्यात भरदुपारी गाडीवर पेटी बांधून नेली. त्यांना सांगितलं, काका, सूर चढले आहे, सगळे थोडे उतरवून द्या. त्यांनी भाता मारला, दोन सूर वाजवले, माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "सूर उतरवायचा म्हणजे पेटीच्या आतली धातूची पत्ती मुळाशी घासावी लागते, चढवायचा तर टोकाशी. घासलेला धातू परत येत नाही. आधी तुमचं यंत्र दाखवा."

मग त्यांनी ड्रॉवरमधून लोखंडी ट्यूनिंग फोर्क काढला, 440 चा, म्हणजे मधला ए, पेटीवरची पांढरी सहा. गुडघ्यावर मारून त्याची दांडी गिटारच्या लाकडाला टेकवली, डोक्याला माझा ट्यूनर लावलेलाच होता. स्क्रीनवर ए आला अन् सुई उजवीकडे, लाल. म्हणजे 440 च्या फोर्कला हा शहाणा सांगून राहिला की सूर चढला आहे. मग त्यांनी पांढरी सहा दाबून धरली अन् शेजारी फोर्क वाजवला, दोन्ही आवाज एकात एक मिसळले, काही हललं नाही. मग माझी गिटार, पहिल्या तारेची पाचवी पट्टी, तोही ए. पेटीसोबत छेडली तर आवाज वाँव वाँव वाँव असा हलायला लागला, सेकंदाला चारेक वेळा. ते म्हणाले जेवढे हेलकावे तेवढा हर्ट्झचा फरक. म्हणजे माझा ए 436 च्या आसपास. पैसे घेतले नाही त्यांनी, वरून पाणी दिलं. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यानं पैसे घेऊन मुकाट्यानं सगळ्या पत्त्या घासून दिल्या असत्या अन् चांगली पेटी कायमची गेली असती.

एक दोस्त इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्यानं ट्यूनर उघडला. ट्यूनर म्हणजे शेवटी घड्याळच, तो म्हणे, एका कंपनाला किती वेळ लागते ते मोजायचं. त्यासाठी क्वार्ट्झ क्रिस्टल पाहिजे, तो उन्हातान्हात फारसा हलत नाही. यात क्रिस्टलच नव्हता, चिपच्या आतल्या स्वस्तातल्या घड्याळावर काम चालू होतं, अन् ते गरमीत, सेल उतरला की, मागेपुढे होते. घड्याळ एक टक्का चुकलं तर सूर 17 सेंट चुकते (एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट), अन् तयार कानाला पाच-सहा सेंटही खटकतात. म्हणून सकाळी ठीक अन् दुपारी बोंब.

वर हिरव्याचं गौडबंगाल. फोनवर टोन जनरेटर ॲप घेतलं, म्हणजे पाहिजे तेवढ्या हर्ट्झचा सूर वाजवणारं, फोनच्या आत क्वार्ट्झच असते त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवता येते, ट्यूनर माईक मोडवर टाकला, सकाळी थंड्यात, अन् 440 पासून एकेक हर्ट्झ खाली आलो. 437 पर्यंत हिरवा. वर गेलो, 443 पर्यंत हिरवा. गिऱ्हाईकाला पटकन हिरवा दिसला की तो खूश होते, म्हणून पट्टाच एवढा रुंद ठेवलेला! चांगला क्लिपवाला एखाद-दोन सेंटपर्यंत बरोबर सांगते, स्ट्रोबवाले (त्याहून बारीक मोजणारे) तर 0.1 सेंटपर्यंत.

त्यामुळे दुकानात त्याच्या गिटारवर डेमो पाहूच नका. ट्यूनर माईक मोडवर टाका, स्वतःचा फोन काढा, 440 लावा, मग 438 लावा, सुई हलली नाही तर नमस्कार करून निघा. ई च्या तारेची पहिली पट्टी दाबा, एफ आला पाहिजे, नाहीतर तो फक्त सहा तारा ओळखणारा आहे, क्रोमॅटिक (बाराही सूर ओळखणारा) नाही, अन् सतार-तानपुऱ्याला किंवा काळी चारच्या सा ला त्याचा काही उपयोग नाही. तानपुरेवाल्यांनी तर सा अन् पंचमापुरताच वापरा, कारण तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार मशीनच्या हिरव्यापेक्षा 14 सेंट खाली असते, तिथे कानच पाहिजे. खोका उलटा करून पाहा, बाहेरून आलेल्या मालावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता अन् एमआरपी छापलेली असावीच लागते. माझ्या खोक्यावर आयातदार नव्हता, अन् कंपनीच्या नावाखालच्या ओळीत स्पेलिंगची चूक होती, जी मी घरी येऊन वाचली.

दुकानात परत गेलो होतो. तो म्हणे हा माल आमचा नाहीच, बिल दाखवा. पेमेंट दाखवलं तर म्हणे ही बाई कोण, आम्ही ओळखत नाही. ज्या पोरानं विकला तो तिथेच स्टुलावर बसून तारा गुंडाळून राहिला होता, मान वर केली नाही त्यानं. ग्राहक हेल्पलाईनला, 1915 ला, फोन करून तक्रार टाकली आहे, पेमेंटचा स्क्रीनशॉट अन् खोक्याचे फोटो दिले, पाहू.

पेटी परत नेऊन दिली तेव्हा काकूंनी विचारलं, "काय निघालं रे?" म्हटलं, "काकू, पेटी ठीक आहे, मीच उतरलो होतो." त्या हसल्या अन् म्हणाल्या, आता आधी माझा सा ऐक, मग ते चिमटं लाव.