क्लासिक गाडीचा ढिला साइड मिरर: रिव्हनट, आधारपट्टी आणि थ्रेडलॉकर काही महिने वापरल्यावर

दरवाजावरचा जुना क्रोमचा आरसा डुगडुगायला लागला की पहिला हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, आणि बहुतेक वेळा काम तिथेच बिघडतं. ढिलाई तीन जागी असू शकते: बैठक (आरशाचा दरवाजाला टेकणारा तळ) आणि दरवाजाचा पत्रा यांच्यात, दांडी आणि बैठक यांच्यात, किंवा काचेमागच्या बॉल जॉइंटमध्ये (आरशाचा कोन बदलू देणारा गोळा आणि त्याची खोबणी). नेमकी कुठे आहे ते अंगठ्याने कळतं. अंगठा अर्धा बैठकीच्या कडेवर आणि अर्धा पत्र्यावर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने आरसा हलवायचा. अंगठ्याखाली हालचाल जाणवली तर बैठक सुटली आहे. बैठक गप्प, पण दांडी फिरते आहे, तर दोष ग्रब स्क्रूचा, म्हणजे दांडीला बैठकीत दाबून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूचा. दोन्ही पक्के असून वेग वाढला की आरशाचा कोन बदलत असेल, तर बॉल.

सगळ्यात जास्त त्रास बैठकीचा. मूळ रचनेत बरेचदा दोन सेल्फ-टॅपिंग स्क्रू सरळ पत्र्यात घुसवलेले असतात. पत्रा जेमतेम 0.8 ते 1 मिमी जाडीचा, त्यामुळे स्क्रूला धरायला एखादाच आटा मिळतो. दरवाजा आपटल्याचे धक्के आणि गॅस्केटखाली (बैठक आणि पत्रा यांच्यामधल्या रबराखाली) साचलेलं पाणी यांनी भोक मोठं होतं. मग लोक जाड स्क्रू घालतात, तो काही काळ धरतो आणि भोक आणखी मोठं करून ठेवतो. इथे स्टीलचे एम5 (5 मिमी आट्याचे) रिव्हनट घातले आणि हा प्रश्न सुटला. रिव्हनट म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी: भोकात घालून हत्याराने ओढली की ती पत्र्यामागे फुगून घट्ट बसते. अ‍ॅल्युमिनियमचे घेऊ नयेत: ओढताना त्यांचे आटे लवकर जातात आणि स्टीलच्या पत्र्याला लागून ओल मिळाली की ते झिजतात. अंगावर खाचा असलेलेच घ्यावेत, गुळगुळीत रिव्हनट भोकात गरगर फिरतो.

एम5 साठी भोक 7 मिमी. पातळ पत्र्यात साध्या ड्रिलने भोक तिकोनी पडतं, म्हणून पायऱ्यांचं स्टेप ड्रिल वापरावं. त्याआधी खिडकीची काच पूर्ण वर घ्यायची. काच खाली असली की ती नेमकी ड्रिलच्या समोर येते. भोकाची कड साफ करून उघड्या धातूला प्राइमर लावावा, तो वाळल्यावरच रिव्हनट ओढावा. आरसा चढवण्याआधी स्क्रू हाताने पूर्ण आत फिरवून काच सावकाश खाली-वर करून पाहावी. स्क्रूचं टोक काचेला किंवा तिच्या पट्टीला लागत असेल तर तो कापून आखूड करावा.

भोक आधीच 7 मिमीच्या पुढे गेलं असेल किंवा कड गंजून पापुद्रे निघत असतील, तर रिव्हनटला धरायला काही उरत नाही. तिथे दरवाजाचं आतलं पॅड काढून पत्र्यामागे 2 मिमी जाडीची स्टीलची आधारपट्टी घालावी. पट्टी बैठकीपेक्षा चहूबाजूंनी निदान 15 मिमी मोठी असावी, म्हणजे जोर पसरतो आणि पत्रा आरशाभोवती लचकत नाही. पट्टीमागे एम5 चे नट वेल्ड करून घेतले की पुढे स्क्रू काढणं-घालणं बाहेरूनच होतं. दोन्ही पद्धतींपैकी मला पट्टीच सरस वाटते. बाहेरून काहीच दिसत नाही, गाडीचं मूळ रूप तसंच राहतं आणि पत्रा चांगला असला तरी आरशाची थरथर कमी होते. इंजिन आयडलवर असताना मागचं दृश्य धूसर दिसायचं, ते आता स्पष्ट दिसतं.

गॅस्केट स्पंजचं नको. ते दबत जातं आणि पक्के केलेले स्क्रूही सैल पडतात. भरीव ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम) रबर, 1.5 ते 2 मिमी, बैठकीच्या मापाने कापून घ्यावं. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, 3 न्यूटन-मीटर पुरे. बैठक जस्ताच्या मिश्रधातूची असते, एका बाजूने जास्त आवळली तर चिरते, आणि ती चीर वेल्डने नीट भरत नाही.

दांडीचा ग्रब स्क्रू ही दुसरी जागा. जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांवर बहुधा इंची माप असतं. 1/8 इंच म्हणजे 3.175 मिमी, त्यात 3 मिमीची अ‍ॅलन की बसल्यासारखी वाटते आणि जोर दिला की कोपरे गोल करते. इंची कीच आणावी. स्क्रूच्या टोकाने दांडीवर खड्डा पाडलेला असतो, त्यामुळे कोन थोडा बदलायचा म्हटलं तरी स्क्रू घसरून जुन्याच खड्ड्यात जातो. कानशीने तेवढी जागा सपाट करावी आणि स्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा टाकावा. आटेच गेले असतील तर एम6 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), त्याआधी 5 मिमीचं ड्रिल. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कारण जस्ताचा कीस टॅपमध्ये भरतो.

ग्रब स्क्रूला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे आपोआप सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव), एक थेंब. आटे आधी ब्रेक क्लीनरने धुवायचे आणि गाडी 24 तास उभी ठेवायची. पावसात, उन्हात, खडबडीत रस्त्यावर ते टिकलं आहे आणि साध्या कीने सुटतंही. लाल थ्रेडलॉकर चुकूनही नको: ते सोडवायला सुमारे 250 अंश सेल्सिअस तापवावं लागतं, तेवढ्यात शेजारचा रंग जळतो, आणि जस्ताचा मिश्रधातू 380 अंशांच्या आसपास वितळतो. प्लॅस्टिकच्या भागांवरही थ्रेडलॉकर सांडू देऊ नये, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र निकाल अर्धाच आहे. काचेभोवतीची रबरी कड हेअर ड्रायरने कोमट करून काच काढली की स्प्रिंग आणि नट दिसतो. बॉल आणि खोबणीवरचं तेल पुसून, थकलेल्या स्प्रिंगच्या जागी दोन डिस्क स्प्रिंग वॉशर (बशीसारखे किंचित खोलगट, स्प्रिंगचं काम करणारे) आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) घातला. सुरुवातीला पकड उत्तम होती, पण आरसा वारंवार हलवला तर ती हळूहळू उतरते आणि नट पुन्हा पाव फेरा आवळावा लागतो. झिजलेल्या खोबणीत पितळेची 0.1 मिमीची पट्टी घातल्यावर हा अवधी वाढला. बॉलमध्ये एपॉक्सी भरण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नये. आरसा एकदाच बसतो आणि पुढच्या धक्क्याला दांडी मोडते. काच परत चिकटवायची झाली तर न्यूट्रल सिलिकॉन वापरावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागचा चांदीचा थर कडेपासून खातं.